किनाऱ्यापासून वीस यार्ड : लुईस बेटाने आपल्या बुडालेल्या खलाशांचं स्मारक कसं उभारलं

३१ डिसेंबर १९१८ची रात्र. स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिकच्या तोंडावर असलेल्या लुईस बेटावर त्या रात्री घरोघर दिवे जळत होते. महायुद्ध थांबून सात आठवडे झाले होते. आरमारात गेलेली माणसं रजेवर घरी यायला निघाली होती. तिथे नाताळापेक्षा नवीन वर्षाचा सण मोठा. आयांनी नि बायकांनी चुलीजवळ कोरडे कपडे ऊब धरायला ठेवले होते, जेवण झाकून ठेवलं होतं, रात्री उशिरापर्यंत कुणी दाराला कडी लावली नव्हती.

१ जानेवारी १९१९ला पहाटे दोनच्या सुमारास, बंदर मैलभरावर राहिलेलं असताना, या माणसांना घेऊन येणारं 'इओलेर' हे आरमाराचं जहाज खडकांवर आदळलं. किनारा जेमतेम वीस यार्डांवर होता. २०१ माणसं बुडाली, ७९ वाचली. मेलेल्यांत बहुतेक सगळे बेटावरचेच होते. चार वर्षं पाणसुरुंग आणि पाणबुड्यांच्या समुद्रातून जिवंत राहिलेली माणसं अंगणात येऊन गेली.

युद्धस्मारकांचा विचार करताना मी या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा वळतो. गावाने आपल्या पडलेल्या सैनिकांसाठी दगड उभा करावा ही गोष्ट ऐकायला सरळ वाटते. वर्गणी जमवायची, जागा ठरवायची, नावं कोरायची, कुणा मोठ्या माणसाच्या हातून अनावरण करायचं. लुईसने हे सगळं केलं, आणि सहा वर्षांत केलं. तरीही 'इओलेर'च्या माणसांना त्यांचा स्वतःचा दगड मिळायला चाळीस वर्षं लागली. असं का झालं, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे.

बेट आणि माणसं

लुईस आणि हॅरिस हे भूमीने एकच बेट आहे. उत्तरेचा भाग लुईस, दक्षिणेचा हॅरिस. १९११च्या जनगणनेत लुईसची लोकसंख्या २९,६०३ होती. भाषा गेलिक. मुख्य गाव स्टॉर्नोवे, तेच बंदर. बाकीची वस्ती किनाऱ्याला लागून असलेल्या खेड्यांत विखुरलेली. पोट भरायची साधनं तीन: हेरिंगची मासेमारी, घरच्या मागावर विणलेलं लोकरीचं कापड, आणि क्रॉफ्ट. क्रॉफ्ट म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या जमिनीतला, कुळाने कसायचा लहानसा तुकडा. १८८६च्या कायद्याने या कुळांना संरक्षण मिळालं, पण जमीन पुरेशी मिळाली नाही. एका तुकड्यावर दोन-तीन भावांची बिऱ्हाडं पोसणं अशक्य होतं.

त्यामुळे तरुण मुलं आरमाराच्या राखीव दलात नाव घालायची. वर्षातून काही आठवडे स्टॉर्नोवेच्या तळावर कवायत केली की ठरावीक रक्कम हातात पडायची, आणि मासेमारीच्या हंगामाला धक्का लागायचा नाही. बेटावरची माणसं समुद्राला सरावलेली होती. आरमाराला तीच हवी होती. ऑगस्ट १९१४मध्ये युद्ध लागलं तेव्हा हे सगळे एका हाकेसरशी निघाले. सैन्यात गेलेलेही पुष्कळ होते. लुईसमधून सहा हजारांहून अधिक माणसं युद्धावर गेली आणि हजाराच्या आसपास परतली नाहीत. तीस हजारांच्या आतल्या वस्तीत हे आकडे किती जड आहेत हे वेगळं सांगायला नको. घरटी एक माणूस बाहेर, आणि दर सहा जणांमागे एक गेलेला.

या बेटाचा आपल्याशी संबंध नाही असं वाटेल, पण तो आहे, आणि जुना आहे. भारताचे पहिले सर्व्हेयर जनरल कर्नल कॉलिन मॅकेन्झी हे स्टॉर्नोवेचे. जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी जी लढाई झाली, तिच्यात इंग्रजांकडून लढलेली ७८वी हायलँडर पलटण लुईसचे जमीनदार असलेल्या सीफोर्थच्या मॅकेन्झींनीच १७९३मध्ये उभारली होती. शंभर वर्षांनी त्याच परंपरेतली सीफोर्थ हायलँडर्सची पहिली पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मीरत डिव्हिजनमधून लढत होती. त्यांचा प्रयत्न होता कुत-अल-अमाराचा वेढा फोडण्याचा. आत अडकली होती पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठ्यांच्या तीन पलटणी. वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ला कुत पडलं. असईला समोरासमोर उभ्या राहिलेल्या माणसांचे वंशज टायग्रिसच्या चिखलात एकमेकांसाठी मरत होते.

ती रात्र

रजेवरची माणसं रेल्वेने काइल ऑफ लोखाल्श या मुख्य भूमीवरच्या बंदरात आली. पुढे मिंच नावाची सामुद्रधुनी ओलांडायची. नेहमीची डाकबोट 'शीला' सगळ्यांना पुरणार नव्हती, म्हणून आरमाराने स्टॉर्नोवेहून 'इओलेर' पाठवली. मुळात ही कुणा श्रीमंताची १८८१ साली बांधलेली शिडाची आणि वाफेची नौका. युद्धात गस्तीसाठी घेतलेली. गेलिकमध्ये 'इओलेर' म्हणजे गरुड. जहाजावर ८० जीवरक्षक पट्टे होते आणि सुमारे १०० माणसं मावतील एवढ्या होड्या. चढली तिप्पट माणसं. कोण कोणत्या जहाजात बसला याची नीट यादी कुणी केली नाही. सणाची गर्दी होती, सगळे ओळखीचे होते, घरी जायचं होतं.

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास जहाज निघालं. मध्यरात्रीनंतर वारा वाढला. स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी एका बाजूला आर्निशचा दीपस्तंभ, दुसऱ्या बाजूला होल्मचा किनारा आणि त्याच्यापुढे पाण्यातून डोकं काढणारे खडक. स्थानिक लोक त्यांना 'होल्मची जनावरं' म्हणतात. 'स्पायडर' नावाची मासेमारी नौका त्याच वेळी बंदराकडे येत होती. 'इओलेर' तिला मागे टाकून पुढे गेली, आणि वळायचं तिथे ती वळली नाही हे त्या कोळ्यांनी पाहिलं. जहाजावरच्या खलाशांपैकीही कित्येकांना हे पाणी पाठ होतं, लहानपणापासून त्यांनी तिथे होड्या नेल्या होत्या. पण त्या रात्री ते प्रवासी होते. सुकाणू दुसऱ्याच्या हातात होतं.

१ वाजून ५५ मिनिटांच्या सुमाराला जहाज आदळलं. होड्या उतरवल्या त्या लाटांनी फोडल्या. उड्या मारलेली माणसं खडकांवर आपटली. नेस या उत्तर टोकावरच्या भागातला जॉन मॅक्लाउड नावाचा होडी बांधणारा कारागीर दोर घेऊन पाण्यात उतरला आणि किनाऱ्याला लागला. त्याच्या दोरामागून जाड दोरखंड ओढून घेतला गेला, आणि त्याला धरून सुमारे चाळीस जण बाहेर आले. वाचलेल्यांपैकी निम्मे या एका दोरावर वाचले. डोनाल्ड मॉरिसन हा तरुण डोलकाठीला मिठी मारून सकाळपर्यंत लटकून राहिला. उजाडल्यावर त्याला उतरवलं. खाली जहाज बुडालेलं होतं आणि त्याच्यासोबत काठीवर चढलेले इतर एकेक करून पडले होते.

सकाळी बेटावरच्या खेड्यांतून घोडागाड्या निघाल्या. कुणी भावाला शोधायला, कुणी मुलाला. किनाऱ्यावर मुलांसाठी आणलेली खेळणी वाहून आली होती. काही गावांतून दहा-अकरा माणसं एकाच वेळी गेली. पुढचे कित्येक दिवस शवपेट्या घेतलेल्या गाड्या गावागावांत परतत होत्या, आणि अनेक घरांना तेवढंही मिळालं नाही, कारण समुद्राने सगळे मृतदेह परत दिले नाहीत.

चौकशी, आणि एक विक्री

आरमाराची स्वतःची चौकशी आठवडाभरात, बंद दाराआड झाली. कोणताही अधिकारी जिवंत नसल्याने कारणाबद्दल मत देता येत नाही, असा तिचा सूर होता. फेब्रुवारीत स्टॉर्नोवेला खुली चौकशी झाली, बेटावरच्या नागरिकांची ज्यूरी बसली. तिने स्पष्ट सांगितलं: बंदरात शिरताना अधिकाऱ्यांनी पुरेशी सावधगिरी घेतली नाही, वेग कमी केला नाही, टेहळणीला माणूस ठेवला नाही, जीवरक्षक पट्टे, होड्या, तराफे अपुरे होते, जीव वाचवण्यासाठी अधिकाऱ्यांकडून हुकूम सुटले नाहीत, आणि किनाऱ्यावरून मदतीचं सामान पोहोचायला मौल्यवान वेळ गेला. जहाजावर कुणी दारू प्यायलेलं नव्हतं, हेही ज्यूरीने नोंदवलं. नववर्षाच्या रात्रीच्या अपघाताबद्दल लोक काय बोलतील हे त्यांना ठाऊक होतं, आणि मेलेल्यांच्या अब्रूची काळजी त्यांना घ्यावीशी वाटली. होल्मच्या बाजूला दिवा बसवावा आणि सैनिकांच्या प्रवासाची सुरक्षित सोय सरकारने करावी, अशा शिफारशी झाल्या.

या दोन चौकश्यांच्या मध्ये आणखी एक गोष्ट घडली. अपघाताला पंधरवडा उलटतो न उलटतो तोच आरमाराने फुटलेलं जहाज विक्रीला काढलं. बरेच मृतदेह अजून सापडायचे होते. काही त्या सांगाड्यातच असतील अशी नातेवाइकांची समजूत होती. कार्यालयातल्या कुणा कारकुनाने नेहमीच्या रीतीने फाइल पुढे सरकवली असेल. पण सुतकातल्या माणसाला त्यात रीत दिसत नाही. हा घाव बेटाने शंभर वर्षं लक्षात ठेवला आहे. पुढे स्मारकाचं जे झालं ते समजून घ्यायला हा तपशील माझ्या मते चौकशीच्या निष्कर्षाइतकाच महत्त्वाचा आहे. गाव आपल्या माणसाची आठवण कशी जपणार हे, तो मेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात त्याला कसं वागवलं गेलं यावरही ठरतं.

टेकडीवरचा मनोरा

युद्धस्मारकाची तयारी दरम्यान सुरू झाली होती. १९१८मध्ये लुईस बेट विकत घेतलं होतं लॉर्ड लेव्हरह्यूम यांनी. हे नाव आपल्याला परकं नाही: सनलाइट आणि लाइफबॉय साबणांचे, लीव्हर ब्रदर्सचे लीव्हर ते हेच. बेटावर मासळीचे मोठे कारखाने काढायचे, शेतीपेक्षा मजुरी द्यायची, अशी त्यांची योजना. उलट युद्धावरून आलेल्या माणसांना हवी होती जमीन, आणि सैन्यात जाताना तिचं आश्वासन मिळालं होतं असं ते सांगत. कोल आणि ग्रेस इथल्या मोठ्या शेतांत माजी सैनिक घुसले, त्यांनी तुकडे आखून घेतले. लेव्हरह्यूम मागे हटेनात, माणसंही हटेनात. अखेर १९२३मध्ये त्यांनी लुईस सोडायचं ठरवलं आणि बेट रहिवाशांना देऊ केलं. स्टॉर्नोवेच्या भागाने ते घेतलं. तिथल्या जमिनीचा कारभार आजही लोकांनी निवडलेला विश्वस्तनिधी पाहतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'मेटागामा' जहाज सुमारे तीनशे माणसं घेऊन कॅनडाला गेलं, बहुतेक विशी-पंचविशीतली. युद्धाने आणि 'इओलेर'ने जे सोडलं ते आता परदेश नेत होता.

अशा काळात ५ सप्टेंबर १९२४ रोजी स्मारकाचं अनावरण झालं, आणि ते लेव्हरह्यूम यांच्याच हातून झालं. ज्या माजी सैनिकांना त्यांनी जमीन नाकारली होती, त्यांच्या मेलेल्या सोबत्यांचा मनोरा त्यांनी उघडला. त्यांच्या भावना खऱ्या असतील, मी त्याबद्दल शंका घेत नाही. पण गर्दीत उभ्या असलेल्या, जमिनीविना परतलेल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल याचा विचार आल्यावाचून राहत नाही.

मनोरा मात्र देखणा आहे. इन्व्हर्नेसच्या जे. एच. गॉल या वास्तुकाराने जुन्या स्कॉटिश गढीच्या घाटाचा, ८५ फूट उंचीचा बुरूज आखला. बेटावरचाच खडक, कोपऱ्यांना ॲबर्डीनचा ग्रॅनाइट. टेकडीचं नाव क्नोक नन उअन, म्हणजे कोकरांची टेकडी. लुईसचे चार परगणे: बार्व्हस, लॉख्स, स्टॉर्नोवे आणि उइग. चारही परगण्यांतून कुठून ना कुठून दिसेल अशी जागा हेतुपुरस्सर निवडली. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. गावं विखुरलेली, रस्ते खराब, म्हातारी माणसं स्टॉर्नोवेला वर्षातून एकदाही येत नसतील. अशा वेळी स्मारकाकडे चालत जाता येत नसेल तर निदान ते आपल्या टेकाडावरून दिसावं. आपल्याकडे हुतात्म्याचं स्मारक बहुधा एस.टी. थांब्याशी किंवा तालुक्याच्या चौकात जागा रिकामी होती म्हणून उभं राहतं. लुईसच्या समितीने मात्र स्मारक कुठून दिसेल हा प्रश्न आधी विचारला होता.

नावं मनोऱ्याच्या आत, काशाच्या पट्ट्यांवर होती. पहिल्या महायुद्धातली हजारावर, पुढे दुसऱ्या महायुद्धातली आणखी शेकडो. काही दशकांनी आत जाणं धोक्याचं झालं आणि दार बंद करावं लागलं. मग पट्ट्या बाहेर काढून मनोऱ्याभोवती उभ्या केलेल्या दगडांवर लावल्या. दुरुस्तीच्या सक्तीतून झालेल्या या बदलाने स्मारक सुधारलं असं माझं मत आहे. आता नावं वाऱ्यात, पावसात, माणसाच्या छातीच्या उंचीवर आहेत. बोट ठेवून वाचता येतात.

या नावांबद्दल थोडं थांबायला हवं. त्याच युद्धानंतर इंग्रज सरकारने महाराष्ट्रातल्या अनेक गावांतही संगमरवरी पाट्या लावल्या. साताऱ्यात, कोकणात अजून सापडतात. एखाद्या चावडीच्या भिंतीत, शाळेच्या व्हरांड्यात. मजकूर सगळीकडे एकाच साच्याचा, इंग्रजीत: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. नाव एकही नाही. मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठीच्या बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी शिपायांची नावं कोरली नव्हती. पलटण आणि संख्या एवढंच होतं, तर गोऱ्या सैनिकांची नावं होती. लुईसच्या पट्ट्यांवर खेड्यातला साधा खलाशी नावानिशी आहे. कुतच्या वाटेवर एकाच चिखलात पडलेल्या दोन गावच्या माणसांना त्यांच्या त्यांच्या गावात काय मिळालं, यातला हा फरक लहान नाही.

चाळीस वर्षांची चुप्पी

'इओलेर'ची माणसंही मनोऱ्यावर होती, युद्धात गेलेल्या इतरांसोबत. कागदोपत्री प्रश्न मिटला होता. पण होल्मच्या किनाऱ्यावर काहीच नव्हतं, आणि घराघरांत तो विषय निघत नव्हता. वाचलेल्यांपैकी अनेकांनी आपल्या मुलांनाही कधी काही सांगितलं नाही. मुलांना बापाची ही गोष्ट शेजाऱ्याकडून किंवा बाप गेल्यावर कळली, असं बेटावर सर्रास सांगितलं जातं.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. युद्धस्मारकाला एक ठरलेली भाषा असते: देशासाठी, शत्रूशी लढताना, बलिदान. या मृत्यूंना ती भाषा चालत नव्हती. शत्रू नव्हताच. जहाज आपल्या आरमाराचं, चूक आपल्या अधिकाऱ्यांची, खडक आपल्या बंदराचा. राजासाठी प्राण दिले असं म्हणावं तर ते खोटं, आणि राजाच्या आरमाराने मारलं असं म्हणावं तर ज्यांचे इतर भाऊ त्याच आरमारात होते त्यांनी ते कुठल्या तोंडाने म्हणावं? त्यात बेटावरचा धर्म कडक प्रोटेस्टंट. जे घडलं ते ईश्वराच्या इच्छेने, त्याचा जाब विचारायचा नाही ही शिकवण हाडीमासी खिळलेली.

आणि सर्वांत अवघड गोष्ट ही की वाचलेले आणि विधवा एकाच गल्लीत राहत होते. ज्याने दोर धरला तो आला, त्याच्या मागे असलेला शेजारचा मुलगा आला नाही. रविवारी देवळात दोघांची घरं शेजारच्या बाकांवर. अशा ठिकाणी आपण कसे वाचलो हे सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या जखमेवर मीठ चोळणं. मग सगळेच गप्प बसतात. याला विस्मरण म्हणणं चूक ठरेल. माझ्या समजुतीप्रमाणे ती एकमेकांची ठेवलेली मर्यादा होती, आणि ती मोडून लवकर स्मारक उभारलं असतं तर ते कदाचित कुणाचंच झालं नसतं. तेव्हा चाळीस वर्षांच्या विलंबाला मी हलगर्जी म्हणणार नाही. मात्र या मर्यादेची किंमत आहे. विधवा म्हाताऱ्या होऊन गेल्या, कित्येकींनी नवरा जिथे बुडाला तिथे साधा दगडही पाहिला नाही.

१९५८मध्ये होल्मच्या टोकावर स्मृतिस्तंभ उभा राहिला. ज्या खडकावर जहाज फुटलं तिथेही पाण्यात एक खांब बसवला. स्तंभावरचा मजकूर वाचण्यासारखा आहे. लुईसच्या लोकांनी आणि मित्रांनी हा उभारला, असं त्यात म्हटलं आहे. सरकारने किंवा आरमाराने नव्हे. एकूण २०५ जण गेले, त्यांपैकी १७५ या बेटाचे, आणि त्यांच्यासाठी लुईस अजून शोक करत आहे, असा आशय. विजय, गौरव, बलिदान यांतला एक शब्दही त्यात नाही. सेवेबद्दल कृतज्ञता आणि जाण्याचं दुःख, एवढंच. 'अजून' हा शब्द मला त्या साऱ्या दगडात मोलाचा वाटतो. चाळीस वर्षांनी लिहिणाऱ्याला तो लिहावासा वाटला, आणि कुणी खोडला नाही.

साधारण त्याच पिढीत वाचलेल्यांनी बोलायला सुरुवात केली. बीबीसीच्या गेलिक विभागाने काहींच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, त्यांच्याच भाषेत. डोलकाठीवर रात्र काढलेल्या मॉरिसनचा आवाज त्यांतून उरला आहे. दगड आधी आणि बोलणं मग असा हा क्रम दिसतो. आपल्या दुःखाला गावाने जागा दिली आहे हे दिसल्यावर माणसाला तोंड उघडणं सोपं जात असावं.

आकडा आणि नावं

स्तंभावर २०५ आणि आज सांगितला जाणारा आकडा २०१. हा फरक कोरणाऱ्याच्या चुकीने आलेला नाही. चढताना यादी झाली नव्हती. बेटावर मॅक्लाउड, मॉरिसन, मॅक्डॉनल्ड ही आडनावं घरोघर, आणि पहिली नावंही तीच तीच. एका गावात चार-पाच डोनाल्ड मॅक्डॉनल्ड सहज निघतात. म्हणून माणूस ओळखला जातो बापाच्या-आज्याच्या नावाने नाहीतर टोपणनावाने. मॉरिसनला सारं बेट 'पॅच' म्हणूनच ओळखायचं. आपल्या खेड्यांत पाटलाचा शंकर, वरच्या आळीचा शंकर असं चालतं तसंच. सरकारी कागदात मात्र टोपणनाव नसतं. शताब्दीच्या तोंडावर स्थानिक अभ्यासकांनी गावोगावच्या नोंदी, दफनभूमीतले दगड, आरमाराची कागदपत्रं एकमेकांशी ताडून पाहिली, आणि आकडा २०१वर आणला. प्रत्येक माणसाचं घर, वय, मागे कोण राहिलं, हेही शोधलं.

शोकस्मारकासाठी असा आकडा घासून पुसून तपासणं काहींना कोरडं वाटेल. मला ते श्राद्धाइतकंच आपुलकीचं काम वाटतं. जो बुडालाच नाही त्याचं नाव मेलेल्यांत राहू नये, आणि जो बुडाला त्याचं नाव भलत्याच्या नावाखाली दडू नये.

२०१८मध्ये स्टॉर्नोवेच्या किनाऱ्यावर जहाजाच्या आकाराची बाह्यरेषा धरून २८० लाकडी खांब रोवले. जहाजावरच्या प्रत्येकासाठी एक. अंधार पडला की ते उजळतात. यात वाचलेल्यांनाही खांब आहे, ही गोष्ट मी विशेष मानतो. आयुष्यभर ज्यांनी आपण वाचल्याचं ओझं गुपचूप वाहिलं, त्यांना प्रथमच बुडालेल्यांच्या शेजारी उभं केलं गेलं.

१ जानेवारी २०१९ला होल्मवर प्रार्थना झाली. प्रिन्स चार्ल्स आणि स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे सरकारप्रमुख, निकोला स्टर्जन हजर होते. समुद्रात, फेरीबोटीवरही कार्यक्रम झाला आणि फुलं सोडली गेली. होल्मच्या जुन्या स्तंभाजवळ नवं शिल्प आलं: काशात ओतलेली दोराची गुंडाळी, मॅक्लाउडने किनाऱ्याला आणला तो दोर. शिल्पकारांपैकी विल मॅक्लीन यांनी याआधी, १९९०च्या दशकात, लुईसवर जमिनीसाठी लढलेल्या कुळांची दगडी स्मारकं आखली होती. त्यांतलं एक ग्रेसला आहे, माजी सैनिकांनी लेव्हरह्यूमच्या शेतात जिथे तुकडे आखले तिथे. मनोऱ्याच्या अनावरणाच्या दिवशी जी गोष्ट बोलता आली नसती ती आता त्याच बेटावर दगडात उभी आहे.

दोराचं शिल्प निवडण्यात जे भान दिसतं ते १९२४च्या मनोऱ्यात नव्हतं, असण्याची अपेक्षाही नव्हती. मनोऱ्याने सांगितलं, आमची हजार माणसं गेली. दोर सांगतो त्या रात्री नेमकं काय झालं, कोण काय करू शकला, आणि त्याची लांबी किती होती. ज्या किनाऱ्यावर ते ठेवलं आहे तिथून खडक दिसतो. वीस यार्ड डोळ्यांनी मोजता येतात.

बेटावर येणारी मोठी फेरी आता मुख्य भूमीवरच्या अलापूल बंदरातून सुटते, तीच मिंच ओलांडून. डिसेंबरच्या अखेरीस ग्लासगो-एडिंबराहून घरी निघालेली मुलं तिच्यात असतात. बंदरात शिरताना उजव्या हाताला, पाण्यातून वर आलेला तो खांब दिसतो, आणि त्यानंतर काही मिनिटांत बोट धक्क्याला लागते.